सम चुकली कुणाची? नाचाच्या व्हिडिओत आवाज कुठून येतो आणि तो कुणाचा असतो

माझी भाची कथक शिकते. एका रविवारी सकाळी कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटर बाजूला सरकवून, तिने द्रुत, म्हणजे जलद, तीनतालातला एक तुकडा, म्हणजे नाचाची छोटी रचना, मोबाईलवर घेतला. ब्लूटूथ स्पीकर कठड्यावर, फोन मैत्रिणीच्या हातात, पायात घुंगरू. रीलचं अॅप उघडायचं, लेहरा (नाचाच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी धून) निवडायचा, लाल बटण दाबायचं आणि नाचायचं. दुपारी तिने तो व्हिडिओ क्लासच्या ताईंना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: "सगळा तुकडा लयीच्या मागे आहे. सम सापडत नाहीये. रियाज वाढव."

पोरगी रडवेली झाली. "मामा, मी समेवरच आले होते. तू होतास ना तिथे?"

होतो. ती समेवरच आली होती. पण ताई म्हणतात तेही व्हिडिओत स्वच्छ दिसत होतं. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाचा पहिला ठोका, वाजून जायची आणि मग पाय पडायचा.

माझं काम साउंडचं. पुण्यातल्या बहुतेक नाट्यगृहांच्या विंगेत तारा ओढत माझी उमेदीची वर्षं गेलीत. तरीही हे कोडं सुटायला मला तासभर लागला, हे कबूल करतो. उत्तर होतं त्या कठड्यावरच्या स्पीकरमध्ये.

ब्लूटूथवरून आवाज जातो तेव्हा फोन आधी त्याचे छोटे तुकडे करतो, ते दाबून लहान करतो, रेडिओलहरींवरून पाठवतो. स्पीकर ते तुकडे जमवतो, पुन्हा उलगडतो आणि मग वाजवतो. मध्ये एखादा तुकडा हरवला तर आवाज तुटू नये म्हणून थोडा साठा हाताशी ठेवूनच तो वाजवायला सुरुवात करतो. या सगळ्यात साध्या स्पीकरला साधारण १५० ते २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. गाणं ऐकताना हे कळतसुद्धा नाही, कारण सगळं गाणंच तेवढं उशिरा येतं. अडचण रील करताना होते. भाचीला स्पीकरमधून जो लेहरा ऐकू आला तो २०० मिलिसेकंद शिळा होता. ती त्याच्यावर बरोब्बर नाचली. पण अॅपने व्हिडिओला आवाज लावताना स्पीकरमधला आवाज घेतलाच नाही. त्याने आपल्याकडची मूळ फाईल थेट चित्राखाली चिकटवली, ताजी, उशीर नसलेली. मग आवाज पुढे आणि नाच मागे असंच दिसणार.

आता मात्रांचा हिशेब करू. मिनिटाला २४० मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, अशी द्रुत लय धरली तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ अख्खी मात्रा. समेवर आलेली मुलगी व्हिडिओत दुसऱ्या मात्रेवर आल्यासारखी दिसते. ताईंचा कान चुकला नव्हता, मुलीचा पायही नाही.

यात एक गोम आहे. आवाज चित्राच्या मागे पडला तर माणूस बरंच खपवून घेतो, पण आवाज चित्राच्या आधी आला की लगेच खटकतं. कारण उघड आहे. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. धोबी कपडा आपटताना दिसतो, आवाज नंतर येतो. आवाज उशिरा येण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे, लवकर येण्याची नाही. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतले आकडे हेच सांगतात. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला जाणवतं. मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत लक्षात येत नाही. ब्लूटूथच्या रीलमध्ये आवाज २०० ने पुढे असतो. नेमका ज्या बाजूने सहन होत नाही त्या बाजूने, आणि मर्यादेच्या चौपटीहून जास्त.

गंमत म्हणजे तोच नाच, तोच स्पीकर, पण फोनच्या साध्या कॅमेऱ्याने घेतला असता तर सगळं जुळलं असतं. साधा कॅमेरा माइकने हवेतला आवाज घेतो, म्हणजे भाचीला जो उशिराचा लेहरा ऐकू येत होता तोच त्यालाही ऐकू आला असता. काही अॅप हा उशीर ओळखून भरून काढतात, सगळी काढत नाहीत. तेव्हा खात्रीचा उपाय म्हणजे तार. स्पीकरला जुनी केबल लावा, नाहीतर दुसऱ्या फोनवर लेहरा वाजवा, साध्या कॅमेऱ्याने नाच घ्या आणि चांगला आवाज हवा असेल तर नंतर एडिट करताना खाली लावा.

नंतर लावायचा तर जुळवायचा कसा? इथे नाचणाऱ्याला सिनेमावाल्यांपेक्षा सोपं जातं. लॉ कॉलेज रोडवरून जाताना फिल्म इन्स्टिट्यूटच्या फाटकाशी कुणाच्या हातात ती काळी-पांढरी पाटी दिसलीच तर ओळखा, ती आहे फक्त एका टाळीसाठी. पाटी मिटते त्या चौकटीशी (फ्रेमशी) 'टक' असा आवाज जुळवला की पुढचं सगळं आपोआप जुळतं. आपल्याकडे टाळी हातातच आहे. कॅमेरा सुरू झाला की लेहऱ्याच्या समेवर एक स्पष्ट टाळी द्या, मग नाचाला उभे राहा. एडिट करताना आवाजाच्या आलेखात त्या टाळीचा काटा उंच उभा दिसतो. हात मिटल्याची चौकट शोधायची, काटा तिच्याखाली आणायचा. झालं.

नाट्यगृहात अंतराचाही हिशेब लागतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. बालगंधर्वला मागच्या रांगांत बसून, रंगमंचापासून १७ मीटरवरून कुणी फोनने तत्कार, म्हणजे पायांचं काम, घेतला तर आवाज ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला ३० चौकटींच्या व्हिडिओत ही दीड चौकट झाली. एवढं चालून जातं. पण वर सभागृहाचा घुमारा येतो, शेजारच्या काकूंचा वेफर्सचा पुडा येतो, आणि घुंगरू तर येतच नाहीत. म्हणून आम्ही विंगेत, नाचणारीच्या पायापासून दोन-तीन मीटरवर एक रेकॉर्डर ठेवतो आणि चित्र मागून घेतो.

घुंगरू कोण खातं?

हा प्रश्न मला दर चार दिवसांनी कुणीतरी विचारतं. शंभर-शंभर घुंगरू बांधून मुलगी नाचते आणि व्हिडिओत पाय कापसाचे वाटतात.

फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला आहे. आत बसलेला कार्यक्रम (सॉफ्टवेअर) सतत एकच विचार करत असतो, यातला माणसाचा आवाज कुठला आणि कचरा कुठला. माणसाच्या बोलण्याला चढउतार असतात, शब्दांमध्ये जागा असतात. पंख्याची घरघर, पावसाची सर, रिक्षाचं इंजिन हे सलग असतं, म्हणून ते कापायचं. आता द्रुत तत्काराचे घुंगरू ऐका. उंच पट्टीची, सलग, दाट सळसळ. यंत्राला ती पावसासारखी वाटते. तो बिचारा इमानेइतबारे ती पुसून टाकतो.

लॉकडाऊनमध्ये हे सगळ्यांनी भोगलं. ऑनलाइन क्लासात ताई "पाय ऐकू येत नाहीत" म्हणायच्या आणि मुली घरच्या फरशीवर आपटून आपटून टाचा दुखवून घ्यायच्या. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय होती, ती चालू केली की ही सफाई थांबायची. पुष्कळांना ती फार उशिरा सापडली. सगळ्यांनी मिळून पढंत करणंही, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणंही, तिथे अशक्यच होतं. प्रत्येकीचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचायचा, म्हणून एक सोडून बाकी सगळ्या म्यूट.

दुसरा चोर म्हणजे आवाजाची आपोआप होणारी कमीजास्त. तबल्याची जोरदार थाप पडली की फोन घाबरून एकूण आवाज खाली ओढतो आणि मग हळूहळू वर आणतो. थापेच्या पाठोपाठ येणारे दोन-तीन बोल त्या खड्ड्यात पडतात. तिहाईच्या, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणाऱ्या बोलांच्या, शेवटच्या 'धा'वर हे हमखास होतं, कारण तिथे सगळे मिळून जोर लावतात. फोन स्पीकरपासून लांब आणि पायांच्या जवळ ठेवला तर फरक पडतो. आणखी हवं असेल तर कपड्याला लावायचा छोटा माइक घ्यावा. पण तो कमरेला लावून उपयोग नाही, तिथे ओढणीची खसखस येते. तो पायांसमोर जमिनीवर, रुमालावर ठेवा. रुमाल विसरू नका, नाहीतर फरशीचा दणका थेट माइकात शिरतो.

चक्कर आणि ट्यूबलाइट

चित्राबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल सगळे बोलतात.

हात पसरून चक्कर घेणाऱ्या मुलीची बोटं शरीराच्या मध्यापासून साधारण ८० सेंटीमीटरवर असतात. त्या वर्तुळाचा परीघ पाच मीटर. सेकंदाला एक चक्कर म्हणजे बोटांचा वेग सेकंदाला पाच मीटर. कॅमेऱ्याने एक चौकट घ्यायला सेकंदाचा ५० वा भाग लावला तर तेवढ्यात बोटं १० सेंटीमीटर सरकतात. अर्ध्या पंजाहून जास्त. हस्तमुद्रेचा चिखल होतो तो असा. शटर दहा पट वेगाने मारलं तर तेच सरकणं एक सेंटीमीटरवर येईल, पण मग ट्यूबलाइट आडवी येते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून साधी ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक चौकटीत पूर्ण लुकलुक सामावते आणि चित्र स्थिर राहतं. १/६० केलं की दर चौकटीत वेगळा उजेड. १/५०० केलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. तात्पर्य, हॉलमध्ये १/१०० च्या पुढे जाऊ नका. चक्कर लखलखीत हवे असतील तर सकाळी गच्चीवर जा, सूर्य लुकलुकत नाही.

टेकडीवर मात्र दुसरी पंचाईत. रीलची एक चौकट १०८० गुणिले १९२० ठिपक्यांची, म्हणजे साधारण २० लाख ७० हजार ठिपके. सेकंदाला ३० चौकटी आणि ठिपक्यामागे तीन बाइट धरले तर एका मिनिटाचं कच्चं चित्र ११ जीबीच्या वर जातं. फोन ते शंभरेक एमबीत बसवतो. कसं? मागच्या चौकटीपेक्षा जे बदललं तेवढंच लिहून. भिंत हलत नाही, भिंतीचा खर्च नाही, सगळी शिल्लक नाचणारीवर. पण मागे वेताळ टेकडीची झाडं वाऱ्यावर डोलत असतील तर हजारो पानं दर चौकटीला बदलतात. मग खर्च पानांवर होतो आणि चेहरा ठोकळ्या-ठोकळ्यांचा दिसतो. फोन हातात धरून हलवला तर आख्खी भिंतच बदलते. ट्रायपॉड म्हणजे नुसती हौस नव्हे, ती एमबीची बचत आहे. हाच व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवला की आणखी एकदा पिळला जातो; ताईंना पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

(शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर ही मागची भिंत म्हणून फारच देखणी. पण ती संरक्षित स्मारकं आहेत. ट्रायपॉड, दिवे लावून रीतसर चित्रीकरण करायचं म्हटलं की पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.)

आणि रीलच्या चौकटीत खाली जागा सोडा. पडद्याच्या तळाशी नाव, मजकूर, गाण्याची पट्टी येते. कथकची सगळी मजा पायात आणि ती पट्टी नेमकी पायांवर बसते.

व्हिडिओ मुका का होतो?

भारतात टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणली आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. त्या वर्षापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलला. आधी लोक विचारायचे, "आवाज स्वच्छ कसा येईल?" आता विचारतात, "आवाज काढून का टाकला?"

यंत्र गाणं ओळखतं कसं, ते आधी. गाण्याचा आवाज वेळ आणि स्वराची उंची अशा तक्त्यावर मांडला तर काही ठिकाणी ठळक शिखरं दिसतात. कोणत्या क्षणी कोणतं शिखर आणि त्यानंतर किती वेळाने पुढचं, या जोड्यांचा नकाशा म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ठसा. ज्यांची गाणी आहेत त्या कंपन्या आपले ठसे आधीच जमा करून ठेवतात. यूट्यूबची अशी यंत्रणा २००७ पासून चालू आहे. तुमचा व्हिडिओ चढला की त्याचा ठसा काढून जुळवून पाहतात. पार्किंगमधला गोंगाट वर आला तरी शिखरं जागेवरच असतात. गाणं जुळलं की मालकाने आधीच सांगून ठेवलेलं असतं: अडवा, किंवा जाहिरात लावून पैसे मला द्या, किंवा नुसती नोंद ठेवा. म्हणून एकाच क्लासच्या दोन व्हिडिओंपैकी एक चालतो, एक मुका होतो. त्यात नाचाच्या दर्जाचा काही संबंध नसतो.

पण मालक कोण? इथे लोक फार घोळ घालतात. एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींचे हक्क वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चालीचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा, ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं.

पालखीच्या दिवसांत पुण्यातला प्रत्येक क्लास अभंगावर काहीतरी बसवतो. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचाच हक्क नाही, ते सतराव्या शतकातले. पण ज्या चालीवर तुम्ही नाचता ती बहुधा विसाव्या शतकात एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते; तिच्यावर हक्क असू शकतो. आणि सीडीवरचं ते ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं. "अभंग तर सगळ्यांचा आहे, मग व्हिडिओ का काढला?" असं एका ताईंनी मला चिडून विचारलं होतं. अभंग सगळ्यांचाच आहे हो, पण ती बासरी, तो पखवाज आणि तो गळा नाही.

दुसरं उदाहरण अस्सल पुण्याचं. गीतरामायण १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं. त्यावर नृत्यनाट्य बसवलं नाही असा क्लास शोधावा लागेल. गदिमांचं निधन डिसेंबर १९७७ मध्ये झालं, सुधीर फडक्यांचं जुलै २००२ मध्ये. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने शब्दांचा हक्क २०३७ साल संपेपर्यंत आणि चालीचा २०६२ साल संपेपर्यंत. सत्तर वर्षांपूर्वीचं, घराघरात पाठ असलेलं असलं तरी. तुमच्या क्लासच्या मुलीने स्वतः गायलं, पेटी-तबला तुमचाच, तरी ध्वनिमुद्रणाचा प्रश्न तेवढा सुटतो, शब्द-चालीचा राहतो.

"तीस सेकंदांपर्यंत चालतं" हे कुठून आलं देव जाणे. कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेही नाही. खाली "श्रेय मूळ कलाकारांना" लिहिल्याने परवानगीही मिळत नाही. वरातीत गाणं वाजवायला कायद्याने सवलत दिलेली आहे, लग्नाच्या मिरवणुकीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पण ती सवलत तिथे, त्या प्रसंगी वाजवण्यापुरती. त्याच वरातीचा व्हिडिओ नीट कापून, वर गाणं चढवून जगाला दाखवणं हे वेगळं काम झालं.

मग अॅपमध्ये गाणी निवडायला देतात ती? त्यांचा करार अॅपने कंपन्यांशी केलेला असतो, म्हणून ती त्या अॅपपुरती चालतात. तोच व्हिडिओ उतरवून दुसरीकडे टाकला की करार मागेच राहिला. शिवाय इन्स्टाग्रामवर क्लासचं खातं 'बिझनेस' म्हणून काढलं असेल तर गाण्यांची यादी एकदम आखडते, कारण धंद्यासाठी वापरायचा परवाना वेगळा असतो. "माझ्या विद्यार्थिनीला गाणं दिसतं आणि मला दिसत नाही" या तक्रारीचं उत्तर एवढंच आहे.

वही आणि चेहरे

नाचावर कुणाचा हक्क असतो का? असतो. कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येत नृत्यरचनेचा उल्लेख आहे, अट एकच: रचना लिहून किंवा अन्य रीतीने पक्की केलेली हवी. आता कथकच्या क्लासातली ती वही आठवा. मात्रा, विभाग, टाळी-खालीच्या खुणा, खाली बोल. ती लिहायला मुली किती कंटाळतात! रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून किती घरांतल्या कपाटांत अशा वह्या साठल्या असतील. रचना आपली आहे असं सांगायची वेळ आली तर तारीख घातलेली ही वही रीलपेक्षा जास्त उपयोगाची. अर्थात परंपरेने आलेल्या तुकड्यावर कुणी मालकी सांगू शकत नाही. ताईंनी नवीन बसवलेल्या रचनेचं मात्र नाव द्यावं, कायदा असो नसो.

नाचणारीचा स्वतःचाही हक्क आहे. कायद्याच्या 'कलावंत' या व्याख्येत नर्तकाचं नाव गायक-वादकांच्या बरोबरीने आहे आणि सादरीकरणावरचा त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. स्वतःपुरतं पाहायला किंवा शिकवायला केलेली नोंद चालते. प्रेक्षकातून घेऊन परस्पर चढवणं चालत नाही. नाट्यगृहातली "कृपया चित्रीकरण करू नये" ही सूचना फक्त शिस्तीसाठी नसते.

मुलांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा सांगतो. क्लासच्या फॉर्मवर बारीक अक्षरात एक ओळ छापून हे भागवू नये. त्याहून साधी गोष्ट म्हणजे व्हिडिओत काय काय दिसतं ते पाहा. मागे क्लासची पाटी, कोपऱ्यात वेळापत्रकाचा कागद, खाली मजकूर "मंगळवारची बॅच". अनोळखी माणसाला एका मुलीचा चेहरा, जागा आणि दर आठवड्याची वेळ अशी तिन्ही माहिती मिळाली. एक आठवडा उशिरा टाका, पाटी चौकटीबाहेर ठेवा, शाळेचा गणवेश असेल तर तो व्हिडिओ टाकूच नका. आणि मेकअपच्या खोलीत फोन बंद. तिथे 'धमाल'ही शूट करायची नाही. कुणाचे खासगी अंग त्याच्या संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

भाचीच्या तुकड्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. आम्ही गच्चीवर सकाळी सातला पुन्हा घेतला. तार लावलेला स्पीकर, रुमालावर माइक, समेवर टाळी. या वेळी जुळला, घुंगरूही आले. तिने तो चढवला आणि दुसऱ्या दिवशी तो मुका. एका लेहरा-अॅपमधला लेहरा वापरला होता. तोच लेहरा कुणीतरी आपल्या अल्बमखाली वाजवून अल्बमचा ठसा जमा करून ठेवला होता, आणि यंत्राला दोघांतला फरक कळायचा नव्हता. लेहरा वापरायला अॅपची परवानगी आहे असं लिहून, अॅपच्या अटींचा फोटो जोडून आम्ही हरकत नोंदवली. समोरच्याला उत्तर द्यायला महिनाभराची मुदत असते. तेवढा वेळ व्हिडिओ तसाच, बिनआवाजाचा.

क्लासला ताईंनी तो तसाच पाहिला. फोन समोर मांडून, मांडीवर हाताने ताल धरून, स्वतःच पढंत करत. शेवटच्या 'धा'ला पडद्यावरचा पाय आणि ताईंचा हात एकदमच पडले. त्यांनी मान हलवली, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "उद्या याचीच दुप्पट."